ठग, पातळी पाचवी

भाच्याने स्पायरल बाइंडिंग केलेले एक जाड पुस्तक माझ्यापुढे उघडून धरले आणि एका तक्त्यावर बोट ठेवले. "मावशी, हे बघ. आपलं गाव."

तक्त्यात गावाचे नाव कुठेच नव्हते. 'असॅसिन', म्हणजे मारेकरी, हा पेशा घेतलेल्या पात्राला पातळीगणिक ज्या पदव्या मिळतात त्यांची ती यादी होती. पहिल्या पातळीवर ब्राव्हो, चौथीवर मर्डरर, सहावीवर किलर, आणि त्यांच्या मध्ये, पाचवीवर, ठग. पुस्तक गॅरी गायगॅक्स यांचे 'प्लेयर्स हँडबुक', १९७८ सालचे. खेळ 'ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आम्ही बसलो होतो जबलपुरात, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. जुन्या पद्धतीने हा खेळ खेळणाऱ्यांचा दोन दिवसांचा मेळावा होता. संमेलन म्हणावे इतका तो मोठा नव्हता. पाच टेबले, तीसेक माणसे; बहुतेक नागपूर, भोपाळ, इंदूरहून आलेली. मी खेळायला गेले नव्हते. ही मंडळी टेबलाभोवती बसून तोंडी रचतात ते वाङ्मय आहे की नाही, एवढेच मला पाहायचे होते. पण त्या एका शब्दाने दोन्ही दिवस माझी पाठ सोडली नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. एक जण पंच असतो. तो जागा सांगतो: अंधारे भुयार, ओली भिंत, डावीकडे दार. बाकीचे एकेक पात्र घेऊन बसतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकायचे. चार बाजूंच्या फाशापासून वीस बाजूंच्या फाशापर्यंत. पट नाही, लिहिलेले संवाद नाहीत, हार-जीत नाही. मराठी वाचकाला जवळचा दाखला दशावताराचा. सिंधुदुर्गातल्या दशावतारात संहिता हातात नसते; आज कोणते आख्यान लावायचे ते ठरते आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतात. फरक इतकाच की दशावतारात शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. इथे तो कोणालाच ठाऊक नसतो, आणि प्रेक्षकही कोणी नसतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, एवढाच तो होता. पुढे नियम वाढत गेले, पुस्तके जाडजूड झाली. मग या शतकाच्या पहिल्या दशकात काही जुने खेळाडू मागे वळले. जुने नियम नव्या आवृत्त्यांतून पुन्हा निघू लागले. २००८ साली गायगॅक्स गेले आणि पुढच्याच वर्षापासून त्यांच्या गावी, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला, त्यांच्या नावाने 'गॅरी कॉन' भरू लागले. २००८ सालीच मॅट फिंच यांनी जुन्या खेळाची ओळख करून देणारी एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचे पहिले सूत्र असे की नियम शोधत बसू नका, पंचाने समोरचा प्रसंग पाहून निर्णय द्यावा. जुन्या पद्धतीचे खेळाडू हे सूत्र मंत्रासारखे म्हणतात.

या मंत्राशी जबलपूरचे नाते जुने आहे, हे तिथल्या फार थोड्यांना माहीत होते. स्नूकर याच शहरात जन्मला असे मानतात. १८७५ साली इथल्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन (पुढे पंतप्रधान झालेले ते वेगळे) या तरुण अधिकाऱ्याने मेसमधल्या बिलियर्डच्या टेबलावर त्या काळी चालणाऱ्या खेळांत आणखी रंगीत चेंडू घालून पाहिले. वूलिच येथील लष्करी अकादमीत नवशिक्या कॅडेटला 'स्नूकर' म्हणत. सोपा चेंडू चुकवणाऱ्या एका खेळाडूला चेंबरलेन तसे म्हणाला आणि नाव खेळाला चिकटले. नियम लेखी झाले ते काही वर्षांनी, उटीच्या क्लबात. ही सगळी हकिगत मुख्यतः चेंबरलेनच्याच सांगण्यावरून आपल्याला ठाऊक आहे, आणि ती त्याने जाहीरपणे मांडली १९३८ साली, साठ वर्षे उलटल्यावर. म्हणजे आधी टेबलावरचा निर्णय, मग भिंतीवरचा नियम, आणि शेवटी म्हाताऱ्याची आठवण. प्रत्येक जुन्या खेळाचा इतिहास साधारण याच क्रमाने तयार होतो. त्या खोलीत गुण मांडणारा, चेंडू लावून देणारा जो कोणी मार्कर असेल, त्याची आठवण कोणी विचारली नाही.

आता तक्त्याकडे. 'ठग' हा शब्द इंग्रजीत रूढ झाला तो मुख्यतः १८३० च्या दशकात आणि बऱ्याच अंशी जबलपूरच्या कचेरीतून. विल्यम स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्याने इथे बसून ठगांविरुद्धची मोहीम चालवली. पकडलेल्यांपैकी काहींना माफीचे साक्षीदार केले, त्यांच्या तोंडून बाकीच्यांची नावे वदवून घेतली, आणि त्यांच्या गुप्त भाषेचा कोश १८३६ साली 'रामसीआना' या नावाने छापला. १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी आली आणि शब्द लंडनच्या दिवाणखान्यात पोचला. साक्षीदार आणि त्यांच्या मुलांसाठी जबलपुरात उद्योगशाळा निघाली. तिथे तंबू आणि गालिचे विणले जात. कटनीच्या वाटेवर स्लीमनाबाद आजही आहे. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर ते नाव वाचतच आम्ही लहानाचे मोठे झालो.

गंमत अशी की मराठीने हा शब्द फार सौम्य ठेवला. आपला ठक म्हणजे फसवणारा. ठकवणे, ठकसेन, ठकास महाठक: यांत गळा आवळणे कुठेच नाही, उलट थोडे कौतुकच आहे. इंग्रजीतला ठग मात्र स्लीमनच्या कागदांतून गेला आणि खुनी होऊन निघाला. आणखी दीडशे वर्षांनी अमेरिकेतल्या एका छोट्या गावी, कोशातून समानार्थी शब्द वेचत बसलेल्या एका माणसाने तो 'मर्डरर' आणि 'किलर' यांच्या मधल्या रिकाम्या रकान्यात बसवला. यात दुष्टावा नाही. शब्द इतका झिजला होता की तो कुठून आला याची त्याला आठवणही झाली नसेल.

याच मालिकेतल्या १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे: वाघाचे तोंड, अंगात उंची झगा, हातात चिलीम. मंतरलेला तीर लागला की तो तत्काळ मरतो. हा तीर रामायणातला नव्हे. 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या १९७४ मधल्या एका भागात राक्षस असाच मरतो. १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये इंद्र, विष्णू, काली यांना किती घाव सोसवतील याचे आकडे दिलेले आहेत. शनिवारी सकाळी एका टेबलावर याच सामानाने खेळ चालला होता. पुस्तके जशी आहेत तशीच वापरायची, हा त्या टेबलाचा बाणा. भुयारात कालीची मूर्ती, तिच्या डोळ्यांत माणके, पुजारी मारेकरी. भोपाळचा एक मुलगा मूर्तीवर चढून माणिक उपसत होता आणि बाकीचे हसत होते. मीही हसले. त्याच मुलाने दुपारी जेवायला जाण्याआधी घाटावर जाऊन नर्मदेला नारळ वाहिला. दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदत होत्या, त्यामुळे भावना दुखावल्याची तक्रार मला करायची नाही. माझी तक्रार वाङ्मयीन आहे. त्या भुयारात कोणाला काही सुचत नव्हते. सगळे आधीच लिहिलेले होते आणि तेही आपल्याविषयी दुसऱ्याने. जुन्या पुस्तकाशी निष्ठा म्हणजे जुना खेळ, असे मानले की खेळ थिजतो.

रविवारचे टेबल वेगळे होते. पंच नागपूरचा, पंचविशीतला, एका बँकेत नोकरीला. त्याने बारा पानांचा एक प्रसंग हाताने लिहून आणला होता, अर्धा मराठीत, अर्धा हिंदीत. साल १८३१, नागपूरहून काशीला निघालेले यात्रेकरू जबलपूर-मिर्झापूर रस्त्यावर आहेत. रस्त्याचा, मुक्कामांचा, सोवळ्या-ओवळ्याचा तपशील त्याने गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'वरून घेतला होता. ते पुस्तक पाव शतक नंतरच्या प्रवासाचे, पण यात्रेकरूच्या मनातल्या भीतीचा अंदाज त्यावरून येतो. एक खेळाडू कमी पडत होता. "मावशी, बसा तुम्ही," तो म्हणाला, आणि माझ्या हाती गंगेचे पाणी आणायला निघालेल्या कावडवाल्याचे कॅरेक्टर शीट आले. भाचा कुंकू-बुक्का विकणारा झाला होता.

जुन्या खेळात एक सुंदर तरतूद आहे. वाटेत कोणी अनोळखी भेटले की ते शत्रूच असे धरायचे नाही. पंचाने दोन फासे टाकायचे. दोन पडले तर थेट हल्ला, बारा पडले तर गळामिठी, मधल्या आकड्यांवर सावध बोलाचाली. अनोळखी माणसाला आधी बोलू द्या, असा हा नियम सांगतो. नव्या खेळांत तो पुष्कळदा हरवला आहे. नागपूरच्या पोराने तो बदलला नाही. त्याने फक्त रस्ता बदलला. ठगांच्या ज्या कथा आपण ऐकलेल्या असतात त्यांत माणूस गोड बोलतो, बरोबर चालतो, विश्वास कमावतो, आणि मग रुमाल काढतो. त्यामुळे फाशावर अकरा-बारा पडले की आम्ही दचकू लागलो. तुसडा फौजदार भेटला तर आम्हाला हायसे वाटे. भाकरी देऊ करणारे कुटुंब भेटले तेव्हा आम्ही रात्रीच तळ हलवला. तापाने फणफणलेला एक म्हातारा शिंपी बरोबर घ्या म्हणून विनवत होता. आम्ही एकमताने त्याला झाडाखाली सोडला. कोणीही आमच्यावर हल्ला केला नाही. चार तास खेळलो, एकही तलवार उपसली गेली नाही, आणि तरी काशीला पोचेपर्यंत आम्ही सगळे जण वाईट माणसे झालो होतो.

पंचाने पाणी प्यायला वेळ दिला आणि उत्तरार्ध सुरू केला. यात्रेकरू परतीच्या वाटेवर आहेत. जबलपूरच्या कचेरीत त्यांना थांबवले आहे. एक माफीचा साक्षीदार समोर उभा आहे. पंचाने प्रत्येकासाठी सहा बाजूंचा फासा टाकला: एक पडला तर साक्षीदार तुमच्याकडे बोट दाखवणार. भाच्याला एक पडला.

"पण मी काय केलं?" भाच्याने विचारले.

"ते कोणी विचारतच नाही," पंच म्हणाला. "तू त्यांच्यातला आहेस, एवढंच विचारतात."

इथे त्याने कायदा वाकवला नव्हता. १८३६ चा तिसावा कायदा असेच म्हणतो. ठगांच्या टोळीत कधीकाळी होता, कायदा होण्याआधी असो की नंतर, कंपनीच्या मुलखात असो की बाहेर, एवढे सिद्ध झाले की जन्मठेप आणि सक्तमजुरी. अमुक दिवशी अमुक माणसाला मारले, हे सिद्ध करण्याची गरज नाही. ठग म्हणजे कोण, याची व्याख्याही त्या कायद्यात नव्हती. ती आली १८६० च्या भारतीय दंडविधानात, कलम ३१० मध्ये. आणि तिथेही गुन्हा हा कृत्याचा नसून नेहमीच्या संगतीचा होता. हे कलम २०२४ च्या १ जुलैला नवी न्यायसंहिता येईपर्यंत पुस्तकात होते. म्हणजे परवापरवापर्यंत या देशात ठग 'असणे' हा गुन्हा होता. कॅरेक्टर शीटवर पेशाच्या रकान्यात एक शब्द असतो आणि त्यावरून तुम्ही काय काय करू शकता ते ठरते. कायदाही तसेच शीट भरत होता. फक्त पेन्सिल दुसऱ्याच्या हातात होती.

भाच्याच्या बाजूने साक्ष देता येणार होती. पण जो साक्ष देईल त्याच्यासाठी फासा पुन्हा टाकला जाईल, असा निर्णय पंचाने दिला. कोणत्याही जुन्या पुस्तकात हा नियम नाही. तो त्याने तिथेच केला आणि तो अचूक होता. दोघांनी साक्ष दिली. दोघे गप्प राहिले. त्या गप्प राहिलेल्यांत मी होते. माझ्या मनात आले की कावड अजून रामेश्वरला पोचवायची आहे, आणि हे कारण मला त्या क्षणी अगदी पुरेसे वाटले. भाचा माझ्याकडे पाहून हसला. खेळच होता. घरी येताना ऑटोत मात्र तो म्हणाला, "मावशी, तू बोलली असतीस तरी चाललं असतं. पाच-षष्ठांश वाचलीच असतीस." हिशेब बरोबर होता.

या बारा पानांचे मला कौतुक वाटते, पण त्यांत उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिली, मेलेल्यांची. ठगीची हकिगत किती खरी आणि किती सरकारी कागदांनी फुगवलेली, यावर किम वॅग्नर, राधिका सिंघा यांच्यासारख्या इतिहासकारांनी बारकाईने लिहिले आहे. कालीच्या गुप्त पंथाची गोष्ट आज फारशी टिकत नाही. पण रस्त्यांवर प्रवासी मारले जात होते आणि प्रेते उकरून काढली गेली होती, हे नाकारता येत नाही. नागपूरच्या पंचाच्या रस्त्यावर एकही प्रेत नाही. त्यामुळे आमची भीती निव्वळ मूर्खपणाची ठरते, आणि खरी भीती तशी नव्हती. एखाद्या विहिरीपाशी कोणाचे तरी जोडे सापडायला हवे होते. मग शिंप्याला सोडताना निर्णय खरोखर अवघड झाला असता. दुसरी उणीव अशी की साक्षीदाराला तोंड आहे पण मन नाही. ज्याने जीव वाचवण्यासाठी आपल्याच माणसांची नावे घेतली आणि उरलेले आयुष्य याच गावात पहाऱ्याखाली काढले, त्याच्याइतके गुंतागुंतीचे पात्र या कथेत दुसरे नाही. त्याचे शीट एखाद्या खेळाडूच्या हातात द्यायला हवे होते.

तरीही या टेबलाने एक गोष्ट साधली जी शनिवारच्या टेबलाला साधली नाही. मराठी वाचकाला ती वेगळ्या वाटेने आधीच माहीत आहे. ठगांवरच्या कायद्यांत जी रीत बसली तीच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात अख्ख्या जमातींना लावली गेली. १९५२ साली तो रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले तेव्हा आपल्याला प्रथम कळले की दुसऱ्याने भरलेले शीट घेऊन जन्मणे म्हणजे काय. त्या पुस्तकाचे नाव म्हणजेच पेशाचा रकाना आहे. लेखकाने तो खोडला नाही; त्याच शब्दाखाली स्वतःची हकिगत लिहिली. आत्मकथनात ही गोष्ट वाचक बाहेरून पाहतो, त्याला दुःख होते, सहानुभूती वाटते. या खेळात मी आत होते आणि मला सहानुभूती वाटली नाही. मी हिशेब केला. दोन्ही अनुभव हवेत. पण दुसरा देणारे वाङ्मय आपल्याकडे कमी आहे.

म्हणून 'जुनी पद्धत' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करायला हवेत. एक, जुने पुस्तक. त्यात ठग पाचव्या पातळीवर आहे, राक्षस चिलीम ओढतो आहे आणि कालीचे आकडे छापलेले आहेत. लेक जिनिव्हाला बसून त्यात रमता येईल, जबलपुरात बसून नाही. दुसरा, जुनी सवय: समोरच्याला आधी बोलू द्यावे, अडले की टेबलाने मिळून निर्णय करावा, आणि निर्णय चुकला तर पुढच्या वेळी बदलावा. ही सवय अमेरिकेची मक्तेदारी नाही. छावणीतल्या मेसमध्ये ती होती, दशावताराच्या रंगपटात ती आहे, आणि मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरही ती दिसली.

निघताना पंचाने सगळी शीटे गोळा केली. माझ्या कावडवाल्याच्या शीटवर पेशाचा रकाना त्याने मुद्दाम कोरा ठेवला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. खाली त्याने पेन्सिलीने टिपून ठेवले होते: शिंप्याला सोडले, साक्ष दिली नाही. पुढच्या मेळाव्याला हेच पात्र घेऊन या, म्हणाला. मी हो म्हटले आहे.